महिला मंडळातले काका

आमच्या महिला मंडळात साडेतीन वर्षं एक पुरुष होता. हे आता कुणाला सांगितलं की लोक हसतात. मंडळाची सेक्रेटरी मी होते, त्यामुळे मला मात्र तेव्हा हसायला सवड झाली नाही.

आम्ही सगळ्या त्यांना काका म्हणायचो. सत्तरी ओलांडलेली, उंच, पाठीत किंचित वाक, पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, आणि शर्टाला अशी इस्त्री की त्यांच्या शेजारी बसायला संकोच वाटावा. ते गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. विणून, धुऊन, रंगवून आलेलं कापड शेवटी ज्या खात्यात जातं ते हे खातं. तिथं कापड तपासायचं, मापायचं आणि घड्या घालायच्या. गिरणी बंद पडली, मग काही काळानं अक्कलकोट रोडच्या एका टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी तेच काम धरलं. माणसानं जन्मभर काठाला काठ जुळवला की त्याला बाकीचं जग वाकडं दिसायला लागतं. काकांना ते दिसायचं आणि ते बोलून दाखवायचे.

काकू आमच्या जुन्या सभासद. काकू वारल्या, त्यानंतरच्या पाचव्या गुरुवारी दुपारी चार वाजता काका चर्चमागच्या हॉलच्या दारात उभे राहिले. हातात काकूंचीच निळी पिशवी, तिच्यात काकूंचं पवित्र शास्त्र आणि गीतांचं पुस्तक.

"काका, काही काम होतं का?" अध्यक्षबाईंनी विचारलं. अध्यक्षबाई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी साधा प्रश्न विचारला तरी समोरचा सरळ उभा राहतो.

"आज तिचा नंबर हाय की," काका म्हणाले. "वचन वाचायचा."

त्यांनी खिशातून कागद काढला. मीच वर्षाच्या सुरुवातीला वाटलेलं वेळापत्रक. त्या गुरुवारापुढे काकूंचं नाव होतं. ते बदलायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

त्यांनी वचन वाचलं, अडखळत, पण मोठ्यानं. मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहिले. चहा झाल्यावर सगळे कप विसळले, पुसले, एका रांगेत पालथे घातले आणि गेले. आम्हा सगळ्यांना भरून आलं. पुढच्या गुरुवारी ते परत आले, तेव्हा काही भरून आलं नाही. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिसऱ्या गुरुवारी मी धीर करून म्हटलं, "काका, आज काकूंचा नंबर नाही."

"डिसेंबरापतूर यादीत नाव हाय तिचं," ते म्हणाले. "नाव हाय तवर कुणीतरी यायला पायजे का न्हाय?"

डिसेंबरात मी नवी यादी केली आणि काकूंचं नाव काढलं. काकांनी माझ्यासमोर पेन उघडलं आणि यादीच्या तळाशी स्वतःचं नाव लिहिलं. पट्टी लावून, खाली रेघ मारून.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान. रविवारी उपासनेला माणसं बऱ्यापैकी दिसतात, पण कामाला तीच ती. मुलांची शब्बाथशाळा आहे, गायनमंडळ आहे, तरुण संघ आहे, आजाऱ्यांना भेटणारा गट आहे, वेदीची सेवा आहे, फुलांची पाळी आहे, हंगामाच्या सणाची कमिटी आहे. मंडळं आठ आणि बायका नऊ. मी विम्याच्या ऑफिसातून सुटले की कुठल्या ना कुठल्या मंडळात असायचे. घरी नवऱ्यानं विचारलं, "आज कुठलं?" तर मला क्षणभर आठवावं लागायचं. कुणी "सेवा करणं हे भाग्य आहे" म्हणालं की मी मान हलवायची. उपदेशात, पुलपिटावरून, ते नेहमी सांगितलं जातं. सांगणाऱ्यानं शनिवारी कधी वेदीवरची मेणाचे डाग काढलेले नसतात.

काकांचं तसं नव्हतं. ते काढायचे. शनिवारी सकाळी वेदीची वस्त्रं धुऊन, इस्त्री करून, प्रभुभोजनाचं सामान पुसून ठेवायचं काम काकूंकडे होतं. तेही त्यांनी आपोआप उचललं. डागावर टीपकागद ठेवून इस्त्री फिरवायची त्यांची एक रीत होती. मी मदतीला जायची आणि बोलणी खायची. "शिक्रेटरीबाई, ही घडी हाय व्हय? हिला गुंडाळणं म्हंत्यात." वेदीवरचं लांब पांढरं वस्त्र दोघांनी धरून घडी करावं लागतं. ते एका टोकाला, मी दुसऱ्या. दोघं जवळ यायचं, टोकं द्यायची, मागं जायचं, पुन्हा जवळ यायचं. एक बोटभर फरक पडला की सगळं उलगडून पहिल्यापासून.

गुरुवारी त्यांच्या प्रार्थनेची पाळी आली की आम्ही सावध व्हायचो, कारण ती सुरू झाली हे कळेपर्यंत संपायची. "देवा, तुला सगळं म्हाईत हाय. आमेन." एवढीच. आमच्यातल्या एक-दोघी प्रार्थनेला उभ्या राहिल्या की शहर, राज्य, देश, परदेश सगळीकडे फिरून येत. काका मधेच घसा खाकरायचे. एकदा खाकरून उपयोग झाला नाही तेव्हा डोळे मिटलेल्या सगळ्यांमधून त्यांचा आवाज आला, "चहा गार व्हतोय."

व्हॉट्सअॅपचं आणखी निराळं. मंडळाच्या ग्रुपमध्ये काकूंचा नंबर होता आणि तो फोन आता काकांच्या हातात. बुधवारी संध्याकाळी मी बैठकीची आठवण टाकायची. मग काकूंचा फोटो यायचा, नाताळातली लाल साडी, ओठांवर हसू, आणि पुढे मजकूर: "मी येतो. साखर संपली हाय. आनतो." पहिल्यांदा तो मेसेज आला तेव्हा मी खुर्चीला टेकून दोन मिनिटं तशीच बसले होते. नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

चर्चच्या पाळकसाहेबांकडे कुरबुर गेलीच. त्यांनी काकांना बोलावून गोडीनं सांगितलं की आपलं पुरुष मंडळही आहे, तिथं या. काका गेले. पुढच्या गुरुवारी चारला पुन्हा आमच्या हॉलमध्ये हजर.

"काय झालं काका?"

"दोन तास बसलो. नवा माईक घ्यायचा का जुना दुरुस्त करायचा. तीन बैठका झाल्यात म्हणं त्याच्यावर." त्यांनी चहाचं भांडं गॅसवर ठेवलं. "आन शेवटाला कोनतरी म्हनलं, चहा सांगा की महिला मंडळाला. म्हनलं, मग मी तिकडंच जातो."

बिशपसाहेब भेटीला यायचे होते तेव्हाची गोष्ट. तरुण संघानं मंडपवाल्याकडून चकचकीत सॅटीन आणून वेदीला झालर लावली, जांभळी आणि सोनेरी, लग्नाच्या स्टेजला असते तशी. रविवारी पहाटे काकांनी ती सगळी उतरवली, घडी घालून तरुण संघाच्या कपाटात ठेवली आणि वेदीवर नेहमीचं पांढरं वस्त्र घातलं. चर्चच्या कमिटीचे लोक लाल झाले. तरुण संघ रुसला. सेक्रेटरी म्हणून सगळ्यांनी मला धरलं. मी काकांना विचारलं, "तुम्ही कुणाला विचारलंत?" ते म्हणाले, "त्याला शिवनच नव्हती, टाचण्या लावल्या व्हत्या. वेदीला टाचण्या?" त्यांच्या दृष्टीनं तिथं विषय संपला. बिशपसाहेबांनी उपासना घेतली, जेवले, फोटो काढले, गेले. वेदीकडे त्यांचं लक्ष गेल्याचं मला तरी दिसलं नाही. पुढचे दोन महिने मी मात्र दोन्ही बाजूंची समजूत घालत फिरत होते.

हे सगळं मी सहन केलं असतं. करतच होते. पण मग रिबेकाचं झालं.

रिबेका नव्यानं लग्न होऊन मंडळीत आलेली, तेवीस-चोवीसची. सुरुवातीला दर गुरुवारी यायची, कोपऱ्यात बसायची, गाणं छान म्हणायची. मग येईनाशी झाली. भेटीच्या गटातर्फे मी तिच्या घरी गेले. सासू बाहेर गेली होती. रिबेकानं पाणी दिलं, चहा दिला आणि उगाचच बाहीवरून हात फिरवत राहिली. बाही मनगटापर्यंत होती, उन्हाळा असून.

"गुरुवारी का येत नाहीस गं?"

"येऊन काय करू, ताई," ती म्हणाली. "तिथं बोलता येतं का काही? ते काका असतात. ते माझ्या सासऱ्यांबरोबर गिरणीत होते."

मला एकदम आमचे जुने गुरुवार आठवले. वचन, गाणं झालं की अध्यक्षबाई दार लोटून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "कुणाला काही सांगायचंय?" कुणी सांगायचं, कुणी नुसतं रडायचं. नियम एकच, इथलं बोलणं दाराबाहेर न्यायचं नाही. काका यायला लागल्यापासून अध्यक्षबाईंनी तो प्रश्न विचारणं सोडलं होतं. ठरवून नाही, आपोआपच. आम्ही वचन वाचत होतो, गात होतो, चहा पीत होतो, आणि साडेतीन वर्षं एकीनंही काही सांगितलं नव्हतं. आणि सेक्रेटरी म्हणून दर महिन्याच्या अहवालात मी "बैठका नियमित झाल्या" असं लिहीत होते.

काकांना सांगणं भाग होतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मी सांगते." मी म्हटलं, "नको, मीच." तरी पुढचे दोन शनिवार मी काही बोलले नाही. तिसऱ्या शनिवारी वस्त्र घडी करायला घेतलं तेव्हा म्हटलं, "काका, एक बोलायचं होतं."

"बोला की. आधी टोकं धरा."

मी टोकं धरली. "गुरुवारी तुम्ही येऊ नका."

वस्त्राला झोळ पडला नाही. त्यांनी तसंच ताणून धरलं होतं. "कोन म्हनलं?"

"मी म्हणते. बायकांना आपसात काही बोलायचं असतं. तुमच्यासमोर नाही बोलता येत. तुमचं काही चुकलं म्हणून नाही."

ते टोकं घेऊन माझ्याजवळ आले, माझ्या हातात दिली, खाली वाकून मधली घडी उचलली. "म्हंजी ही साडेतीन वर्सं कुणी काय बोललंच न्हाय?"

"नाही."

"मी असल्यामुळं."

"हो."

त्यांनी घडी पुरी केली, टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसले. "मग फुकटच बसलो म्हनायचं," ते म्हणाले. "मी त्येच ऐकायला येत व्हतो."

मला कळलं नाही.

"ती दर गुरवारी चारला हितं यायची. पंचवीस वर्सं. घरातनं निगताना तोंड येगळं असायचं, आन परत यायची तवा येगळं. तितं काय बोलतीस, असं मी कदी इचारलं न्हाय. गेली तवा ध्यानात आलं, आता कुनाला इचारू? म्हनलं जाऊन बसू. कवातरी कुणीतरी ती काय बोलली असंल ते काढंल." ते माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या घडीकडे बघत होते. "काय बोलायची ती, शिक्रेटरीबाई? माज्याबद्दल काय बोलायची?"

नियम मला माहीत होता. इथलं बोलणं इथंच. मी दया येऊन नियम मोडला असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर मी दमले होते. काकूंची ती गोष्ट मीही इतकी वर्षं वागवत होते आणि आता ती खाली ठेवावीशी वाटली.

"एकदाच बोलल्या होत्या," मी म्हटलं. "माझं लग्न नुकतंच झालेलं, मंडळात नवी होते मी. गिरणी बंद पडल्यानंतरचं ते. काकू म्हणाल्या, 'अकरा महिने झाले, घरात माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसतात.' मग प्रार्थना केली त्यांनी. 'देवा, भांडू देत, पण बोलू देत.'"

बाहेर आवारात कुणीतरी मोटरसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू होऊन निघून गेली.

"अकरा न्हाय," शेवटी ते म्हणाले. "चौदा."

मग उठून त्यांनी इस्त्रीचा प्लग काढला, वायर गुंडाळली, खिडकी लावली. दाराशी थांबून विचारलं, "गुरवारचा चहा कोन बगंल?"

"बघू आम्ही," मी म्हटलं.

त्या बुधवारी ग्रुपवर काकूंचा फोटो आला. पुढे लिहिलं होतं: "मी येत न्हाय." नंतर ते कधीच गुरुवारी आले नाहीत. शनिवार मात्र सोडला नाही. आम्ही पुढे दोन वर्षं वस्त्रं घडी करत होतो, ते चुका काढत होते, आणि घड्या घालताना त्या बोलण्याबद्दल पुन्हा एक शब्द निघाला नाही. मग गुडघे गेले आणि मुलानं त्यांना पुण्याला नेलं. तिकडेच ते वारले. फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. पाळकसाहेबांनी रविवारी नाव घेऊन प्रार्थना केली. वेदीचं काम आता माझ्याकडे आहे. कुणी दुसरं घेत नाही.

रिबेका आली. काका यायचे थांबल्यावर चौथ्या गुरुवारी अध्यक्षबाईंनी दार लोटून विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" तेव्हा ती बोलली. बराच वेळ बोलली. अध्यक्षबाई आणि आणखी दोघी तिच्या घरी गेल्या, नवऱ्याशी बोलल्या, सासऱ्यांशी बोलल्या. ती काही दिवस मैंदर्गीला आईकडे राहिली. परत आली, परत गेली. आता इथंच वेगळी खोली घेऊन राहते आणि शिलाईच्या कामाला जाते. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पण बाही आता आखूड असते.

एक सांगायचं राहिलं. काकांशी ते बोलणं झालं त्याच संध्याकाळी मी अध्यक्षबाईंना फोन केला. नियम मोडला हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. त्या रागावतील असं वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "आणि पुढचं? पुढचं सांगितलंस का?"

"पुढचं काय?"

"अगं, तू तेव्हा बाळंतपणाला मंगळवेढ्याला गेली होतीस. तुला माहीतच नाही." आणि त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासना संपताच काका निघून गेले होते. मी तशीच त्यांच्या घरी गेले. एकच खोली, पुढं ओटा. काका चटईवर बसून शेंगा फोडत होते. मला बघून उठायला लागले.

"बसा काका. काल मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. उरलेलं मलाच माहीत नव्हतं."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"तुमच्या त्या चौदा महिन्यांनंतर एका गुरुवारी काकू मंडळात पेढे घेऊन आल्या होत्या. सगळ्यांनी विचारलं, कशाचे? तर म्हणाल्या, 'आज घरात मीठ मागितलं.' एवढंच. पण सगळ्यांना कळलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, त्या दिवशी चहा राहिला बाजूला, नुसती गाणी म्हटली सगळ्यांनी."

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. काहीतरी चुकलं की त्यांच्या कपाळाला ज्या आठ्या पडत त्याच.

"मीठ मागितलं म्हनली?"

"हो."

"मागितलं न्हाय." त्यांचा आवाज बारीक झाला. "आमटी खारट झालती. म्या ताट ढकललं आन वरडलो, मीठ किती घातलंयस म्हनून. लई जोरात वरडलो. शेजारी आलं बगायला."

मी चटईच्या कडेला बसले.

"आन त्येचे पेढे वाटले तिनं?"

"वाटले."

"किती?"

"प्रत्येकीला दोन दोन."

ते दाराकडे बघत राहिले. ऊन ओट्यावरून आत आलं होतं, त्यांच्या पायापर्यंत. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मला न्हाय दिला की एक बी," ते म्हणाले.